अर्ध्या कोयत्याचा पगार

ॲड. सुलोचना ओव्हाळ यांचं गेल्या वर्षी श्रावणात, एका सोमवारी पहाटे, बीडमधल्या खासगी रुग्णालयात निधन झालं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. वय एकसष्ट. आदल्या शुक्रवारी त्या न्यायालयात हजर होत्या.

कामावर जखमी झालेल्यांच्या नुकसानभरपाईचे दावे त्या चालवत. दुसरं काम जवळपास घेतच नसत. वाटणी, घटस्फोट, न वटलेले धनादेश असं काही घेऊन कुणी आलं तर त्याला शेजारच्या वकिलाकडे पाठवत आणि नंतर त्या वकिलाला चहा मागत. न्यायालयाच्या आवारात त्यांना सगळे वकीलबाई म्हणत. ताई म्हणणारा एकच होता, त्यांचा सहकारी वकील जावेद.

त्यांचं कार्यालय बसस्थानकामागे, झेरॉक्सच्या दुकानावर होतं. एकच खोली. चौदा एप्रिल आणि चौदा ऑक्टोबर सोडले तर ती कधी बंद नसे. टेबल होतं, पण त्या टेबलामागे बसत नसत. आलेल्या माणसाच्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि टेबल दोघांच्या समोर राही. चहा बिनसाखरेचा. साखर कारखान्यांविरुद्ध दावे लढवता लढवता बाईंनी साखरच सोडली, असा विनोद बाररूममध्ये चाले. तो त्यांच्या कानावर गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी कुठं सोडली? तिनंच मला धरलंय." त्यांना पंचविशीपासून मधुमेह होता.

त्यांच्याकडे येणारे बहुतेक तरुण असत. सतरा, अठरा, वीस, बावीस वर्षांचे. कापसाच्या जिनिंगमध्ये हात गेलेला, विहिरीच्या कामावर क्रेनचा दोर तुटून पडलेला, खडी केंद्रावर डोळा गेलेला. याचं कारण त्या एका वाक्यात सांगत: "जुना माणूस मशीनच्या लांब उभा ऱ्हातो. पुढं नव्यालाच सारत्यात."

भरपाईच्या कायद्यात वयाला वजन आहे. जखमी माणूस जितका तरुण, तितका गुणाकाराचा आकडा मोठा, कारण कमावण्याची वर्षं जास्त शिल्लक असतात. पण गुणायचं असतं पगाराला. आणि तरुण माणसाचा पगार बहुतेक वेळा कुठंच लिहिलेला नसतो. तो शिकाऊ असतो, हाताखालचा असतो, कुणाच्या तरी ओळखीने लागलेला असतो. मालक शपथेवर सांगतो की पोरगं नुसतं येऊन बसायचं, चहापाण्यापुरते पैसे द्यायचो. वकीलबाईंच्या कामाचा मोठा भाग या एका आकड्यात जाई. जावेद त्यांच्याकडे नवा आला तेव्हा त्याला त्यांनी सांगितलं होतं, "वय कायदा बघून घेतो. पगार आपल्याला हुडकावा लागतो."

हुडकण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. जखमी माणसाला त्या अपघाताबद्दल आधी विचारतच नसत. पहिला प्रश्न असे, "आदल्या दिवशी काय काम केलं?" माणूस गोंधळे. घरून निघतानाच त्याने अपघाताची हकीगत जुळवून आणलेली असे. बाई त्याला थांबवत. किती वाजता उठलास, कामावर कशानं गेलास, पहिल्यांदा काय उचललं, कुणी सांगितलं, जेवायची सुट्टी कुणी दिली, संध्याकाळी कुणाला विचारून निघालास. कुणी रडायला लागलं तर त्या गप्प बसत आणि रडणं थांबलं की पुढचा प्रश्न विचारत. सोबत आलेला कुणी "बिचाऱ्याचं आयुष्य गेलं हो" म्हणाला तर त्याला बाहेर पाठवत. "इथं बिचारं कुणी न्हाई. तुमी खाली चहा घ्या."

न्यायालयातही त्यांचा एक नियम होता. तुटलेला हात साहेबांसमोर उघडा धरायचा नाही. उपरणं, पदर, जे असेल ते त्यावर घ्यायचं. इतर वकील नेमकं उलटं करत. बाईंचं म्हणणं, जखम डॉक्टरांच्या दाखल्यावर लिहिलेली असते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आपण माणसाचं काम दाखवायला आलेलो असतो.

माजलगावकडच्या एका जिनिंग कारखान्यातला दावा बाररूममध्ये अजून सांगितला जातो. वीस वर्षांच्या तरुणाचा उजवा हात कोपरापासून गेला होता. कामावर लागून तीनच आठवडे झाले होते. मालकाचं म्हणणं तेच, शिकाऊ होता, पगार ठरलाच नव्हता. कायदा अशा वेळी म्हणतो की त्याच भागात तेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाला काय मिळतं ते बघा. पण सांगणार कोण? जिनिंगवाले सगळे एकमेकांचे पाहुणे.

वकीलबाई साधं पातळ नेसून शेजारच्या गावातल्या दुसऱ्या जिनिंगवर गेल्या आणि मुनिमाला म्हणाल्या, "भाच्याला मशीनवर लावायचा हाय. नवाच हाय. काय द्याल?"

मुनीम म्हणाला, "नव्याला काय अन् जुन्याला काय, मशीन तेवढंच ओढतंय. दर एकच हाय." आणि दर सांगितला.

पुढच्या तारखेला मुनिमाला साक्षीचं समन्स गेलं. तो आला, पिंजऱ्यात उभा राहिला, समोर काळ्या कोटात बाई बघितल्या आणि ओरडला, "अवो, तुमी तर भाच्यासाठी आलत्या!"

"हा काय बसलाय," बाई तरुणाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तुमच्याकडं पाठवला असता तर काय दिलं असतं तेवढं सांगा."

न्यायाधीशांनी बाईंना समज दिली. वकिलाने असं वागणं शोभत नाही, असं कामकाजात नोंदवून घेतलं. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मुनिमाने दर सांगितला तोही नोंदवला गेला.

त्यांच्यावर सगळे खूश होते असं नाही. फी त्या निकालानंतर घेत, पण घेत आणि पावती देत. माफ करा म्हणणाऱ्याला त्या विचारत की मालकालाही असंच माफ करायचं का. जावेदची त्यांनी कधी स्तुती केली नाही. घाटनांदूरला सख्खा भाऊ होता. त्याच्याशी कशावरून तरी बोलणं बंद होतं आणि ते शेवटपर्यंत सुरू झालं नाही. एकदा एका आईने त्यांना तोंडावर विचारलं होतं, "बाई हाय का कोण तुमी?" ती अश्विनीची आई.

अश्विनी धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवरची. आठवीपर्यंत शिकलेली. अठरा पूर्ण झाल्यावर दत्ताशी लग्न झालं आणि त्याच वर्षी दसऱ्यानंतर दोघं लिंबाजी मुकादमाच्या टोळीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या ऊसतोडीला गेले. जानेवारीत, सकाळी उजाडायच्या सुमाराला, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ती ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढत होती. पाय घसरला. ती पाठीवर पडली आणि मोळी तिच्या अंगावर. कमरेखालची संवेदना गेली ती परत आली नाही. आधी तिकडच्या दवाखान्यात आणि मग अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात मिळून ती अडीच महिने होती. त्यानंतर माहेरी, घरातल्या लोखंडी खाटेवर.

मी तेव्हा एका दैनिकाच्या बीड कार्यालयात न्यायालयाच्या बातम्या बघायचो. दावा दाखल झाल्यावर चार ओळींची बातमी दिली. मथळा होता, 'दुर्दैवी विवाहितेचा भरपाईसाठी दावा'. सकाळी साडेआठला फोन आला.

"ओव्हाळ बोलते. 'दुर्दैवी' कुणी लिहिलं?"

मी म्हणालो, मी.

"दैवाचा काय संबंध? फळी दवानं ओली होती. तिला आडव्या पट्ट्या मारलेल्या नव्हत्या. तेवढं लिवा." फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी तेवढं लिहिलं. मग त्या दाव्याच्या प्रत्येक तारखेला मी जात राहिलो.

दावा दाखल करण्याआधी वकीलबाई जावेदला घेऊन अश्विनीच्या घरी गेल्या होत्या. खाटेशेजारी स्टुलावर बसून त्यांनी तिला दुपारभर आदल्या दिवसाबद्दल विचारलं. कोयता कुणी चालवला, शेंड्याचं वाढं कुणी छाटलं, मोळ्या कुणी बांधल्या, दत्ता किती घेऊन चढला, ती किती घेऊन चढली. अश्विनीच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. आई तिला दर थोड्या वेळाने कुशीवर वळवत होती. दोनदा ती म्हणाली, बाई, आता पुरं. बाई म्हणाल्या, थोडंच राहिलंय. तिसऱ्यांदा आईने तो प्रश्न विचारला.

अश्विनीनेच आईला म्हटलं, "विचारू दे. मला दुसरं कुणी इचारलंच न्हाई मी काय केलं ते."

अडचण पगाराचीच होती, पण जिनिंगपेक्षा वेगळी. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत. कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम जी आगाऊ रक्कम देतो, जिला उचल म्हणतात, ती कोयत्याला मिळते आणि नवऱ्याच्या हातात पडते. तोडलेल्या टनांचा हिशोबही कोयत्याचा. बायको पहाटे फडात जाते, मोळ्या बांधते, ट्रक भरते, पण तिच्या नावाने कुठं काही नसतं. अश्विनीचं नाव ना कारखान्याकडे होतं ना मुकादमाकडे. कारखान्याने लेखी म्हणणं दिलं की सदर महिला कामगार नव्हती. नवऱ्याच्या सोबतीला आलेली होती, स्वयंपाक करत होती, हौसेने फळीवर चढली असेल. पगार शून्य. आणि न्यायालयाने तिला कामगार मानलंच तर ती पहिल्याच हंगामाची, शिकाऊ, म्हणून अगदी किरकोळ मजुरी धरावी.

टोळीतल्या दुसऱ्या बायका साक्षीला आल्या असत्या तर प्रश्न सुटला असता. जावेद त्यांच्या वस्त्यांवर दोनदा जाऊन आला. प्रत्येकीच्या घरावर लिंबाजीची पुढच्या हंगामाची उचल होती. एकीने त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "भाऊ, तुमचं खरं हाय. पण आमाला यंदाबी जायचंय."

शेवटी कारखान्यानेच लिंबाजीला साक्षीला आणलं.

लिंबाजी मुकादम पन्नाशीचा, पांढऱ्या कपड्यातला, बोलायला मोकळा माणूस. पंचक्रोशीत त्याचं नाव चांगलं होतं. टोळीतल्या कुणाच्या घरी लग्न असो, मयत असो, तो हजर असे. त्याने कारखान्याच्या वकिलांना हवी तशी साक्ष दिली. गडी धरला होता दत्ताला. बायको सोबत आली. बायका येतातच.

वकीलबाई उलटतपासाला उठल्या. एरवी न्यायालयात त्या पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी बोलल्या नाहीत.

"लिंबाजीराव, टोळीत कोयते किती होते?"

"बारा."

"अन् माणसं?"

"चोवीस." मग तो सावरला. "म्हंजे गडी बारा. बाकीच्या आपल्या बायका."

"अश्विनी यायच्या आदल्या हंगामात दत्ता होता का टोळीत?"

"आलता की."

"लग्न झालतं त्याचं?"

"न्हाई. एकटाच होता."

"तवा त्याला किती धरला?"

"अर्धा कोयता."

"अर्धा कावून? एक हात घरी ठिवून आलता का?"

मागच्या बाकांवर लोक हसले. लिंबाजीही हसला. "एकटा गडी अर्धाच धरत्यात बाई. तोडायला एक अन् मोळी बांधायला एक, दोघं लागत्यात."

"अन् लग्नानंतर?"

"पूर्ण."

"म्हंजे दुसरा अर्धा कुणाचा?"

कारखान्याचे वकील हरकत घेऊन उभे राहिले. लिंबाजीला धोका कळला असावा. तो म्हणाला, "तसं न्हाई. लग्न झालं की गड्याला खर्च वाढतो, म्हणून आमी उचल वाढवून देतो. माणुसकी म्हणून." कारखान्याचे वकील बसले. उत्तर चांगलं होतं. न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं नोंदवून घेतलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग विषय सोडल्यासारखं म्हणाल्या, "माणुसकीचंच इचारते. तुमच्या टोळीतले लोक म्हणत्यात, लिंबाजी माणूस बघून खाडा माफ करतो. पाव्हण्यांना एक, दुसऱ्यांना एक."

खाडा म्हणजे कामावर न आलेल्या दिवसाची कपात.

लिंबाजीचा चेहरा बदलला. "कोण म्हणतं? नाव सांगा. आपल्या टोळीत सूट कुणालाच न्हाई. सख्ख्या भावाचा खाडा धरलाय मी, आई वारली तवा."

"मग अश्विनी पडली तवा तरी माफ केला असंल."

"न्हाई. धरला की. कोयता बंद म्हणल्यावर खाडा लागतोच."

"दत्ताचा."

"दोघांचा. दोघं दवाखान्यात होते, पूर्ण कोयता बंद होता."

"दत्ता तर आठ दिवसांनी फडात माघारी आला. ती दवाखान्यातच होती. तवा कसा काय धरला?"

"तवा अर्धा." लिंबाजी न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "दत्ता कामावर आला तर त्याचा कशाला धरायचा साहेब? तिचा एकटीचा धरला. हंगाम संपेपर्यंत. आपला हिशोब चोख असतो."

"माझं झालं, साहेब," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

कारखान्याच्या वकिलांनी फेरतपासात चार प्रश्न विचारले. खाडा हा शब्द चुकून आला का, असंही विचारलं. लिंबाजीने प्रत्येक वेळी ठासून सांगितलं की त्याच्या हिशोबात चूक होत नाही.

बाहेर पडल्यावर त्याने बाईंना टपरीवर गाठलं. "बाई, मी खरं तेच बोललो ना?"

"खरंच बोललात."

"मग कारखान्याचे वकील कावून डोळे वटारायले माझ्याकडं?"

"त्यांना हिशोब चोख लागत न्हाई," बाई म्हणाल्या. चहाचे पैसे लिंबाजीने दिले. त्यांनी देऊ दिले.

निकाल लागायला पुढे सात महिने गेले. त्यात अश्विनीला कामगार ठरवलं होतं. जिच्या गैरहजेरीचे पैसे कापले जातात ती हजेरीवर होती, असं न्यायाधीशांनी लिहिलं. पगार कोयत्याच्या कमाईच्या निम्मा धरला. शिकाऊ म्हणून कपात नाही, कारण कोयत्याला पूर्ण दर दिला गेला होता. वय अठरा, म्हणून गुणाकाराचा आकडा तक्त्यात जवळपास सर्वांत वरचा. शिवाय व्याज.

जावेद निकालाची प्रत घेऊन जिना चढून आला तेव्हा मी कार्यालयात होतो. तो म्हणाला, "ताई, जिंकलो."

बाईंनी प्रत शेवटपर्यंत वाचली. "निम्माच धरला," त्या म्हणाल्या. "मोळ्या तिनं बांधल्या, ट्रक दोघांनी भरला, भाकरी एकटीनं केल्या. निम्मा कसा काय?"

"भाकरी कायद्यात बसत नाहीत, ताई."

"माहीताय मला." त्यांनी प्रत फाइलीत लावली आणि दुसरी फाइल काढली.

कारखान्याने अपील केलं नाही. रक्कम न्यायालयात जमा केली. तिथून नवा अर्ज सुरू झाला. तो दत्ताचा होता.

अपघातानंतरच्या दुसऱ्या हंगामाआधी दत्ताने दुसरी बायको केली होती. अश्विनीच्या माहेरच्यांनी तक्रार दिली नाही. जावेदने विचारलं तेव्हा तिचा बाप म्हणाला, "त्याला तुरुंगात घालून ही उठून बसणार हाय का?" दत्तावर लिंबाजीची जुनी बाकी होती आणि या वेळी अर्धा कोयता घ्यायला लिंबाजी तयार नव्हता. दत्ताने ते कुणापासून लपवलं नाही. आता त्याचा अर्ज होता की पती या नात्याने भरपाईची रक्कम दोघांच्या संयुक्त खात्यात जमा व्हावी.

अर्जाची सुनावणी श्रावणातल्या त्या शुक्रवारी होती. वकीलबाईंचं तोवर आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू झालं होतं. त्या दिवशी रुग्णालयातून थेट आल्या. कोटाची डावी बाही दंडावर फुगली होती, आत पट्टी होती. न्यायालयाचा जिना त्या दोनदा थांबून चढल्या. जावेदने हात पुढे केला तर त्याला म्हणाल्या, "फाइल धर."

बोलावणं यायला वेळ होता. व्हरांड्यातल्या बाकावर त्या बसल्या. दत्ता खांबाला टेकून उभा होता. तेवीस वर्षांचा, काटक, पायात प्लास्टिकच्या चपला. थोड्या वेळाने तो स्वतःहून जवळ आला.

"वकीलबाई, एक इचारू का?"

"इचार."

"तुमीच कोर्टात म्हणलात, कोयत्यातला अर्धा तिचा, अर्धा माझा."

"म्हणले."

"मग भरपाई कोयत्याचीच हाय ना? उचल माझ्या नावानं आली. ती मलाच फेडायची हाय. मग ह्याच्यातला अर्धा माझा न्हाई का?"

बाईंनी त्याच्याकडे वर बघितलं. रागावल्यासारख्या दिसत नव्हत्या.

"तुझा अर्धा तुझ्यापाशी हाय की रे. दोन्ही पायांवर उभा हायस."

दत्ता खाली स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी तिला टाकली असं लोक म्हणत्यात. आठ दिवस मी तिच्या उशाला बसलतो."

"माहीताय. म्हणून तर तुझ्यावर मी काही लावलं न्हाई."

नाव पुकारलं गेलं. त्या दिवशी बाईंनी प्रथमच बसून बोलण्याची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी दिली. त्यांचा युक्तिवाद पाच-सात मिनिटांचा होता. स्त्रीच्या भरपाईची रक्कम परस्पर कुणाच्या हातात न देता न्यायालयामार्फतच द्यायची, असं कायदा सांगतो. त्यामागचा हेतू त्यांनी सांगितला. पगार एकटीचा ठरला, खाडा एकटीचा कापला गेला, तर रक्कम दोघांची कशी, एवढंच विचारलं. दयेचा एक शब्द त्यात नव्हता. अश्विनीच्या जखमांचा उल्लेखही नव्हता. निकाल राखून ठेवला गेला.

उतरताना त्यांनी जावेदला सोमवारच्या दुसऱ्या एका प्रकरणात काय विचारायचं ते सांगितलं. खडी केंद्रावरच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाचं होतं ते. "त्याला आदल्या दिवशीचं नीट विचारलेलं न्हाई तू," त्या म्हणाल्या. "परत विचार." मग फाटकाशी रिक्षात बसल्या. मला विचारलं, बातमी देणार का? मी म्हणालो, आदेश झाल्यावर. "बरोबर हाय," म्हणाल्या. रिक्षा बसस्थानकाच्या दिशेने गेली, रुग्णालयाच्या नाही.

सोमवारी त्या गेल्या. खडी केंद्राच्या प्रकरणात जावेदने पुढची तारीख घेतली.

आदेश सप्टेंबरमध्ये झाला. दत्ताचा अर्ज फेटाळला. रक्कम अश्विनीच्या एकटीच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी आणि व्याज दरमहा तिच्या खात्यात जमा करावं, असं त्यात म्हटलं आहे. दसऱ्यानंतर दत्ता आणि त्याची दुसरी बायको लिंबाजीच्या टोळीबरोबर गेले.

अश्विनीला बँकेत नेता येत नव्हतं. खातं उघडायला बँकेचा माणूस वस्तीवर आला. त्या वेळी जावेद तिथं हजर होता. पुढचं त्याने सांगितलं आणि बँकेच्या माणसाने नंतर त्याला दुजोरा दिला. अर्ज भरताना व्यवसायाच्या रकान्याशी बँकेचा माणूस थांबला आणि म्हणाला, "गृहिणी लिहितो."

अश्विनी म्हणाली, "ऊसतोड कामगार लिवा."

तो म्हणाला, "ताई, आता तर तुम्ही..."

"लिवा," ती म्हणाली.

अर्जात तसं लिहिलेलं आहे. खाली तिची सही आहे.